संगणकांचे जाळे : फेरा कसा टळला

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत इतके रुळले आहेत, की त्यांना मराठीत जमा करायला हरकत नाही. केज तालुक्यातले आमचे नांदूरघाट घ्या, की जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. पीकविम्याची मुदत संपत आलेली असते, सेवा केंद्राच्या दारात शेतकऱ्यांची रांग लागलेली असते, कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात बँकेचे पासबुक. आणि आतून उत्तर येते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उद्या मुदत संपलेली असते. मग माणसे मुंबईला आणि दिल्लीला चार शब्द ऐकवून घरची वाट धरतात.

पुष्कळदा दोष खरोखरच मुंबईत किंवा दिल्लीत असतो. पण वाचकहो, काही वेळा तो तितका लांब नसतो. तो टेबलाखालीच असतो, हातभर लांबीच्या एका वायरीत. झाडलोट करताना एक मोकळे टोक दिसते, कुणीतरी ते सद्भावनेने जवळच्या खाचेत खुपसतो, आणि घटकाभरात केंद्रातले सगळे संगणक मुके होतात. कोणतेही यंत्र बिघडलेले नसते, कोणतीही वायर तुटलेली नसते. उलट एक वायर जास्त झालेली असते!

वायर तुटली तर काम अडते, हे लहान मुलालाही समजेल. पण वायर जास्त झाल्याने काम का अडावे? या साध्या प्रश्नामागे चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात एक प्रश्न सारखा पुढे येतो : दुसरी वाट हवी तर खरी, पण ती केव्हा उघडी ठेवायची आणि केव्हा बंद?

आरंभ करू हवाई बेटांपासून. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर विद्यापीठाची केंद्रे विखुरलेली होती. त्यांना जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ नावाचे जाळे सुरू केले. यात तारा नव्हत्या, रेडिओच्या लहरी होत्या. सर्वांनी एकाच लहरीवर बोलायचे. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलायचे. नियम इतकाच.

ही युक्ती कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी अभ्यासली. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘ईथरनेट’ हे नाव योजले. प्रकाश वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे द्रव्य सगळीकडे भरून राहिले आहे, असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानीत. विज्ञानाने ते द्रव्य मोडीत काढले. मेटकाफ यांनी त्याचे नाव तेवढे उचलले. त्यांच्या जाळ्यात हे ईथर म्हणजे इमारतीतून फिरवलेली एक जाड तार होती. सगळे संगणक त्या एकाच तारेला जोडलेले. एकाने काही पाठवले की ते सर्वांच्या दाराशी जाई. ज्याच्या नावचे असेल त्याने घ्यायचे, बाकीच्यांनी सोडून द्यायचे. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ साली या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले, आणि १९८३ पर्यंत विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना प्रमाण म्हणून मान्यता दिली. एका खोलीत, एका इमारतीत, फार तर एका आवारात मावणारे असे जे जाळे, त्यालाच ‘लोकल एरिया नेटवर्क’ म्हणतात. आपल्या तोंडी बसलेला शब्द ‘लॅन’.

आपल्याकडेही पावले पडत होती. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी या दोघी त्यात होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. आणि तालुक्याच्या गावातल्या मुलाला चार संगणक एका डब्याला जोडलेले पाहायला मिळाले ते बहुधा एमएस-सीआयटीच्या वर्गात. तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ सालची. बीड शहरात प्रवाशांची रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. संगणकाच्या तारा तिच्या पुष्कळ आधी आल्या. मात्र तार कशी जोडायची हे सांगणारा माणूस दर वेळी तारेबरोबर येतोच असे नाही.

आता त्या डब्याकडे वळू. एकाच तारेवर सर्वांनी बोलायचे, ही व्यवस्था दहा-वीस संगणकांपुरती ठीक होती. संगणक वाढले तशी गर्दी झाली. मग तारेचे तुकडे करून मध्ये एक शहाणा दुवा बसवण्याची कल्पना निघाली. या दुव्याला ‘ब्रिज’, म्हणजे पूल म्हणत. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने सात तोंडांचा एक पूल बाजारात आणला आणि त्याला ‘ईथरस्विच’ हे नाव दिले. तेव्हापासून ‘स्विच’ हा शब्द रूढ झाला. मौज अशी, की त्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’! तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. पत्नीचे नाव त्यांनी कंपनीला दिले होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. अशा रीतीने जगभरच्या कचेऱ्यांतल्या स्विचच्या वंशावळीत आपल्या ओळखीचे एक नाव दडलेले आहे.

स्विच करतो काय? तो नव्याने रुजू झालेल्या पोस्टमनसारखा आहे. त्याला आधी कुणाचेच घर ठाऊक नसते. प्रत्येक संगणकाला कारखान्यातच बारा अक्षरांकांचा एक पत्ता मिळालेला असतो. एखाद्या तोंडातून पाकीट आत आले, की स्विच त्यावरचे पाठवणाऱ्याचे नाव वाचतो आणि वहीत टिपतो : अमुक गृहस्थ तीन नंबरच्या तोंडाला राहतात. पुढे त्यांच्या नावचे पाकीट आले, की ते बरोबर तीन नंबरला जाते. ज्याचे घर वहीत नाही त्याचे पाकीट आले, तर स्विच ते ज्या तोंडातून आले ते सोडून बाकी सगळ्या तोंडांतून बाहेर काढतो. तसेच, ‘सर्वांसाठी’ असे लिहिलेले पाकीटही सगळीकडे जाते. अशा सर्वांसाठीच्या हाकांवाचून जाळे चालत नाही. नवा संगणक चालू झाला की पहिली हाक असते ती हीच : ‘इथे पत्ते वाटणारा कोण आहे?’

ही झाली साधी गोष्ट. आता त्यातली मेख पाहा. अशी कल्पना करा, की गावात तीन ठिकाणी तीन दवंडीवाले उभे आहेत : एक वेशीत, एक पारावर, एक बाजारतळावर. तिघांच्या मधले तीन रस्ते मिळून त्रिकोण झालेला आहे. प्रत्येकाला एकच नियम शिकवला आहे : एका रस्त्याने दवंडी कानावर आली, की ती बाकीच्या रस्त्यांनी पुढे द्यायची. ही दवंडी आपण मघाशीच दिली होती काय, हे आठवायचे नाही. वेशीतल्याने एक दवंडी दिली. ती पारावर गेली, तिथून बाजारतळावर, तिथून पुन्हा वेशीत. वेशीतल्याला वाटले, नवी दवंडी आली. त्याने ती पुन्हा पारावर दिली. दुसऱ्या बाजूनेही हाच प्रकार चालू. माणूस असता तर त्याचा घसा तरी बसला असता. यंत्राचा घसा बसत नाही.

तीन स्विच त्रिकोणात जोडले, दोन स्विचच्या मध्ये दोन वायरी टाकल्या, किंवा एकाच वायरीची दोन्ही टोके एकाच साध्या स्विचमध्ये खुपसली, तरी हेच होते. याला इंग्रजीत ‘लूप’ म्हणतात. आपण ‘फेरा’ म्हणू. फेऱ्यात सापडलेले पाकीट फिरत राहते, नवी पाकिटे येऊन मिळतात, आणि जोडण्या जास्त असतील तर एकाची दोन, दोनाची चार होतात. वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : सेकंदाला दहा कोटी बिट नेणाऱ्या साध्या वायरीतून सर्वांत लहान आकाराची पाकिटे सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार जाऊ शकतात. फेरा पडल्यावर ही सगळी जागा त्या निरर्थक हाकांनी भरून जाते. त्यातच एकाच माणसाचे पाकीट कधी या तोंडातून, कधी त्या तोंडातून येताना दिसल्यामुळे पोस्टमनच्या वहीतले पत्तेही क्षणाक्षणाला खोडले जातात. याला जाणकार ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’, हाकांचे वादळ, म्हणतात. बिचाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज या वादळातून बाहेर पडायचा कसा?

तुम्ही विचाराल, की इंटरनेटवर तर जगभर वाटाच वाटा आहेत, तिथे हे वादळ का उठत नाही? कारण तिथल्या पाकिटावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतो. ईथरनेटच्या पाकिटावर असा आकडा नाही. ते एका तारेवरच्या शेजाऱ्यांसाठी बेतलेले होते. शेजाऱ्याला पाठवलेल्या चिठ्ठीला आयुष्याचा आकडा लागेल, हे १९७३ साली कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

मग सरळ उपाय असा, की दुसरी वाट ठेवूच नये. पण हा उपाय पुरा पडत नाही. एकच वाट असली आणि ती तुटली, तर पलीकडचे सगळे अंधारात. उंदीर वायर कुरतडतात, जेसीबी तारा उखडतो, पावसात डबे जळतात. म्हणजे दुसरी वाट नसली तरी पंचाईत, असली तरी पंचाईत.

ही कोंडी फोडली ती १९८५ साली राडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी. त्या अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये नोकरीस होत्या. त्यांच्या वरिष्ठांनी पुलांचा हा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला, अट अशी घातली की जाळे कितीही वाढले तरी पुलाला जास्त स्मरणशक्ती लागता कामा नये, आणि स्वतः आठवडाभराच्या रजेवर गेले. त्याच रात्री उत्तर सापडले आणि पुढच्या दोन दिवसांत लिहूनही झाले, असे पर्लमन यांनीच पुढे सांगितले आहे. उरलेल्या दिवसांत त्यांनी आपल्या रीतीवर एक छोटी कविताही रचली.

त्यांचे उत्तर झाडाचे होते. वडाच्या पारंब्या सोडून द्या, पण एरवी झाडाची एक फांदी दुसरीला जाऊन मिळत नाही. बुंध्यापासून कोणत्याही पानापर्यंत जायला एकच वाट असते, आणि तरीही एकही पान सुटत नाही. गणितात ही कल्पना जुनी होती. चेक गणिती ओटाकार बोरुव्का यांनी १९२६ साली मोराव्हिया प्रांतातल्या गावांना वीज पुरवताना तार कमीत कमी कशी लागेल, हा प्रश्न अशाच झाडाने सोडवला होता. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर नांदूरघाट, विडा, केज, आडस आणि युसूफवडगाव ही पाच ठिकाणे घ्या. सर्वांना जोडायला चार तारा पुरतात. पाचवी टाकली, की कुठे ना कुठे फेरा पडलाच. पर्लमन यांची रीत ही पाचवी तार काढून टाकत नाही. ती जागच्या जागी ठेवते, फक्त तिच्या तोंडाला कुलूप लावते.

कुलूप कुठे लावायचे, हे स्विच आपापसात ठरवतात. आधी मूळ निवडायचे. निवडणुकीच्या दिवशी प्रत्येक स्विच उभा राहतो आणि ‘मीच मूळ’ असे जाहीर करतो. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. आपल्यापेक्षा लहान क्रमांकाचा उमेदवार आहे असे कळले, की मोठा निमूटपणे अर्ज मागे घेतो. (आपल्या निवडणुकांत एवढे जमले तर!) शेवटी सर्वांत लहान क्रमांकाचा एकटा उरतो, तो मूळ. मग प्रत्येक स्विच मुळाकडे जाणारी स्वस्त वाट शोधतो, ती आणि पुढे इतरांना लागणारी तोंडे उघडी ठेवतो, आणि उरलेली तोंडे बंद करतो.

यातला सर्वांत सुंदर भाग पुढेच आहे. बंद तोंड झोपलेले नसते. ते टपाल पुढे देत नाही, पण ऐकत असते. मुळाकडून दर दोन सेकंदांनी एक छोटा निरोप निघतो : ‘मी आहे.’ हा निरोप येत आहे तोवर बंद तोंड बंदच राहते. तो वीस सेकंद आला नाही, की ते समजते, वाट तुटली. आणि पंधरा-पंधरा सेकंद दोनदा सावधपणे थांबून ते उघडते. जुन्या रीतीत यास पन्नास सेकंदांपर्यंत वेळ लागे. १९९० साली तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, आणि २००१ च्या सुधारित रीतीत हेच काम थोड्याच सेकंदांत, कित्येकदा सेकंदाच्याही आत होऊ लागले. या रीतीचे नाव ‘स्पॅनिंग ट्री’.

पण कोणतीही रीत राबवणाऱ्याच्या शहाणपणाहून मोठी नसते. वर मी सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच मूळ होतो म्हणालो. माणसाने काही सांगितले नाही, तर सगळ्यांचा पहिला अंक ३२७६८ असा सारखाच असतो, आणि निवाडा कारखान्यातल्या पत्त्यावर होतो. लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा. म्हणजे कोपऱ्यात धूळ खात पडलेला सर्वांत जुना आणि मंद डबा साऱ्या जाळ्याचा कारभारी होऊन बसतो! वडिलकीचा मान घरात शोभतो. इथे मात्र चांगल्या स्विचला लहान अंक हाताने द्यावा लागतो.

दुसरा धोका याहून मोठा. बंद तोंड उघडते ते शांततेमुळे. पण समजा वाट तुटलेलीच नाही, नुसती इतकी गर्दी झाली की तो छोटा निरोप वाटेतच हरवला, मग? बंद तोंडाला वाटते वाट तुटली, ते उघडते, आणि फेरा नसलेल्या ठिकाणी फेरा पडतो. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये जाळे कोसळले, ते अशाच रीतीने. तिथले जाळे वर्षानुवर्षे जोड देत देत वाढत गेले होते. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक पूल असू नयेत, ही मर्यादा ओलांडली गेली होती. एका संशोधकाने माहितीचा प्रचंड साठा जाळ्यावर सोडला आणि तोल गेला. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. रक्ताच्या तपासणीचे अहवाल माणसांनी धावत नेऊन पोचवले. औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. रुग्णालयाच्या प्रमुखांनी ही हकिकत लपवली नाही, ती जगापुढे मांडली. म्हणून तर ती आज आपल्याला सांगता येते.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याचे ठरवले. सुरुवातीची रचना फांद्यांसारखी होती : एक तार तुटली की पुढची गावे तुटली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित योजनेला मान्यता दिली. तिचा खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये, आणि तिच्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत कड्याची रचना धरलेली आहे. म्हणजे एका बाजूने तार उखडली, तर दुसऱ्या बाजूने फिरून टपाल यावे. हे कडे म्हणजे फेराच की! पण तो पाकिटावरचा आयुष्याचा आकडा वाचणाऱ्या राउटरांच्या हाती दिलेला, विचाराने घातलेला फेरा आहे. तारा त्याच; फरक त्यांच्यामागच्या नियमाचा.

आणि टेबलाखालचा तो हातभर फेरा? केंद्रातल्या स्वस्त स्विचला बहुधा ही झाडाची रीत येत नाही, म्हणून तिथे माणसालाच झाड व्हावे लागते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी चिकटवावी : कुठून आली, कुठे गेली. मोकळे टोक दिसले तर ते खुपसू नये. त्याचे दुसरे टोक आधी शोधावे. चार पैसे जास्त गेले तरी फेरा ओळखणारा स्विच घ्यावा. आणि सगळे संगणक एकदम अडले, तर आधी स्विचच्या दिव्यांकडे पाहावे. एरवी ते आपापल्या लयीत लुकलुकतात. फेरा पडला की सगळे मिळून, न थांबता, वेड्यासारखे फडफडतात. तसे दिसले तर वायरी एकेक करून काढाव्यात. जिच्यामागे दिवे शांत झाले, ती वायर दोषी.

याला पाच मिनिटे लागतात. रांगेत उभा असलेला माणूस सकाळी पहिल्या एसटीने निघून, दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. त्याला ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी ही पाच मिनिटे खर्च करायला हरकत नाही.